पुनःपुन्हा होणारे गर्भपात आणि रक्तातील खुणा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळात आजवर पाकशास्त्रावर व्याख्याने झाली, बालसंगोपनावर झाली, घरखर्च आणि बचत यांवर झाली, गीतेवर तर दरवर्षीच होतात. आजचा विषय मात्र या व्यासपीठावर प्रथमच येत आहे, असे चिटणीसबाई म्हणाल्या. तो इतकी वर्षे का आला नाही हे सांगायला नको. एखादीचे मूल दगावले तर चारजणी भेटायला जातात, डोळे पुसतात. पण तिसऱ्या महिन्यात पोट पडले तर ते भिंतीपलीकडे जाऊ द्यायचे नाही, असा आपल्याकडचा शिरस्ता. दोनदा-तीनदा तसेच घडले म्हणजे बातमी आपोआप बाहेर पडते, आणि मग तिच्या पायगुणापासून तिने खाल्लेल्या पपईपर्यंत सगळ्याची चर्चा होते. तिला डोहाळजेवणाला बोलवावे का, ओटी तिच्या हातून भरून घ्यावी का, असले प्रश्न आपल्या या शिकल्यासवरल्या पुण्यात आजही कुजबुजत विचारले जातात. मी ते माझ्या कानांनी ऐकले आहेत.

माझे आयुष्य प्रयोगशाळेत रक्त तपासण्यात गेले. मी प्रसूती करणारी डॉक्टर नव्हे, त्यामुळे कोणाला कोणते औषध द्यावे हे मी सांगणार नाही. रक्ताच्या तपासणीतून काय कळते आणि काय कळत नाही, एवढेच माझे क्षेत्र. आणि आज त्याचीच गरज आहे. कारण ज्या सुनेचे गर्भ टिकत नाहीत तिच्या हाती अलीकडे तपासण्यांची भलीमोठी यादी पडते, त्यातल्या काही अगदी आवश्यक असतात, आणि काहींना आधारच नसतो.

प्रथम हे समजून घ्या की, गर्भपात ही दुर्मिळ गोष्ट नाही. दिवस राहिल्याचे कळल्यानंतर शंभरांतले सुमारे पंधरा गर्भ जातात. दोन गर्भ गेलेल्या स्त्रिया शंभरांत सुमारे दोन, आणि तीन किंवा अधिक गेलेल्या शंभरांत एकाहूनही कमी. म्हणजे आपल्या एवढ्या सभागृहात अशा एकदोघी बसलेल्या असणारच. त्यांनी हात वर करावा असे मी मुळीच म्हणत नाही.

आपल्या जुन्या वैद्यांनी याचा बारकाईने विचार केला होता. चौथ्या महिन्यापर्यंत जातो तो गर्भस्राव, पाचव्या-सहाव्यात जातो तो गर्भपात, असा भेद त्यांनी केला, आणि तो आजही उपयोगाचा आहे, कारण लवकर जाणाऱ्या आणि उशिरा जाणाऱ्या गर्भांची कारणे पुष्कळदा निराळी असतात. मात्र त्याच ग्रंथांत वारंवार गर्भ जाण्याच्या विकाराला 'पुत्रघ्नी' असे नाव आहे. नावातच आरोपपत्र! डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेत पदवी घेतली तेव्हा प्रबंधासाठी प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला होता. त्यांचे स्वतःचे मूल अवघ्या दहा दिवसांचे होऊन गेले होते. तो विषय त्यांनी का घेतला असेल याचा तर्क तुम्ही बायकांनी करायला हरकत नाही.

उशिरा जाणाऱ्या गर्भांच्या बाबतीत एक मोठे काम आपल्याच माणसाने केले आहे. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे मूळचे गोव्याचे, नावाप्रमाणे शिरोड्याचे. मुंबईत शिकले आणि तिथेच नावारूपाला आले. काही स्त्रियांच्या पिशवीचे तोंड चौथ्या-पाचव्या महिन्यात कळा न येताच उघडते आणि चांगला वाढलेला गर्भ निसटून जातो, हे त्यांनी पाहिले. त्यांनी रुग्णेच्याच मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी काढून पिशवीच्या तोंडाभोवती आवळून बांधली. पिशवीला कसे बांधावे, तर पिशवीचे तोंड बांधतात तसे! १९५५ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली आणि 'शिरोडकर टाका' हे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले. पुढे पट्टीच्या जागी धागे आले, सोप्या पद्धतीही आल्या. पण या टाक्याचा उपयोग त्या एका कारणापुरताच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जाणाऱ्या गर्भाला टाक्याने थोपवता येत नाही.

लवकर जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिकांत दोष गर्भाच्या गुणसूत्रांच्या संख्येत असतो. बीज जुळताना मोजणीत चूक होते आणि तो गर्भ वाढूच शकत नाही. आईने जिना चढला म्हणून, उपास केला म्हणून, स्कूटरवरून गेली म्हणून हे होत नाही. वय वाढते तसे याचे प्रमाण वाढते, एवढेच. पडलेल्या गर्भाचा अंश तपासायला पाठवला तर हा दोष कळू शकतो. तो पाठवावा का, असे डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. बहुतेकजणी त्या क्षणी काही विचारण्याच्या मनःस्थितीत नसतात, म्हणून सोबत गेलेल्या बाईने विचारावे.

आता माझ्या मुख्य विषयाकडे येते. आपल्या शरीरात परक्याला ओळखून हाकलून लावणारी एक यंत्रणा आहे. दुसऱ्याची कातडी आपल्या अंगावर लावली तर ती टिकत नाही, ती याच यंत्रणेमुळे. मग अर्धा बापाचा असलेला गर्भ आईच्या अंगात नऊ महिने कसा राहतो? हा प्रश्न पीटर मेडावर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५३ साली विचारला. पुढे १९६० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच यंत्रणेवरील संशोधनासाठी. गर्भ टिकतो हेच खरे आश्चर्य आहे. तेव्हा तो टिकत नसेल तर हीच यंत्रणा बिघडली असावी, असा तर्क पुष्कळांनी केला. तो तर्क एका ठिकाणी अगदी खरा ठरला आणि इतर अनेक ठिकाणी ठरला नाही.

जिथे तो खरा ठरला त्याची हकीकत मोठी विलक्षण आहे. १९०६ साली उपदंशाची, म्हणजे ज्याला आपल्याकडे गरमी म्हणत त्या रोगाची, रक्तावरून तपासणी निघाली. तीत पुढे बैलाच्या हृदयाचा अर्क वापरीत. १९४१ साली मेरी पँगबॉर्न या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी त्या अर्कातला नेमका पदार्थ वेगळा काढला; तो एक प्रकारचा स्निग्ध पदार्थ, नाव कार्डिओलिपिन. त्यावरूनच व्ही.डी.आर.एल. ही तपासणी आली, जी गरोदर बाईची आजही करतात. आता अडचण पाहा. काही स्त्रियांची ही तपासणी 'पॉझिटिव्ह' येई, आणि त्यांना तो रोग नसेच. १९५२ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिले की अशा खोट्या निकालामागे पुष्कळदा ल्युपससारखा, शरीराने स्वतःवरच उलटण्याचा आजार असतो. परंतु तोवर, आणि त्यानंतरही, त्या कागदाने किती घरांत वादळे उठवली असतील! बाईकडे बोट, नाहीतर बाईने नवऱ्याकडे बोट, दोघेही निर्दोष. म्हणून एक सांगून ठेवते: व्ही.डी.आर.एल. पॉझिटिव्ह आली तर दुसरी, टी.पी.एच.ए.सारखी, खात्रीची तपासणी झाल्याशिवाय घरात कोणी कोणाला एक शब्द बोलू नये.

त्या खोट्या निकालातच आपली खूण दडलेली होती. काही स्त्रियांच्या रक्तात असल्या स्निग्ध पदार्थांशी, त्यांना चिकटणाऱ्या प्रथिनांशी, वैर धरणारी प्रतिपिंडे असतात. त्यांना अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे म्हणतात. १९८३ साली लंडनमध्ये डॉ. ग्रॅहॅम ह्यूज यांनी या प्रतिपिंडांचा, शिरांत रक्त गोठण्याचा आणि वारंवार गर्भ जाण्याचा संबंध एकत्र मांडला. ही प्रतिपिंडे थेट वारेवर बसतात, तिची वाढ खुंटवतात, तिथे दाह पेटवतात आणि रक्त गोठायला लावतात. बाळाला अन्नपाणी देणारी वारच अशी आजारी झाली की गर्भ कधी तिसऱ्या महिन्यात जातो, कधी पाचव्या-सहाव्यात, आणि कधी आईचा रक्तदाब चढून अपुऱ्या दिवसांची प्रसूती करावी लागते. वारंवार गर्भ गेलेल्या शंभर स्त्रियांत अशा सुमारे पंधरा निघाल्या आहेत. आपल्या देशातही हा शोध झाला आहे. मुंबईत परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात रक्तशास्त्राची एक राष्ट्रीय संस्था आहे. १९५७ साली ती रक्तगट तपासणारे केंद्र म्हणून निघाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी गर्भ न टिकणाऱ्या भारतीय स्त्रियांच्या रक्तात या प्रतिपिंडांचा आणि रक्त गोठण्याच्या दोषांचा अभ्यास केला आहे.

या प्रतिपिंडांसाठी तीन तपासण्या आहेत आणि तिन्ही कराव्या लागतात. दोन प्रतिपिंडांची थेट मोजणी करतात: एक कार्डिओलिपिनविरुद्धची, दुसरी बीटा-टू ग्लायकोप्रोटीन या प्रथिनाविरुद्धची. तिसरीचे नाव ल्युपस अँटिकोॲग्युलंट, आणि ते नाव सपशेल फसवे आहे. अँटिकोॲग्युलंट म्हणजे रक्त गोठू न देणारे. नळीत हे द्रव्य रक्ताचे गोठणे लांबवते खरे, पण शरीरात नेमके उलट, रक्त गोठायला लावते. रिपोर्ट वाचून 'हिचे रक्त पातळ आहे' असे घरी सांगणारी मंडळी मला भेटली आहेत. आणि गंमत म्हणजे ही तपासणी घोणशीच्या विषाने करतात. आपल्या शेताबांधांवर जिला शेतकरी भितो तीच घोणस! तिचे विष रक्त चटकन गोठवते. ते अगदी विरळ करून रक्ताच्या निवळीत घालायचे आणि गोठायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. सेकंद वाढले तर प्रतिपिंडांचा संशय घ्यायचा.

या तपासणीत निष्काळजीपणा चालत नाही. रक्त निळ्या बुचाच्या नळीत खुणेपर्यंतच घ्यावे लागते, ते ताबडतोब फिरवून निवळी काढावी लागते, आणि काही प्लेटलेट्स मागे राहू नयेत म्हणून पुन्हा एकदा फिरवावी लागते. बाईला हेपॅरिनची सुई चालू असेल तर निकाल चुकू शकतो, म्हणून ते आधीच सांगितले पाहिजे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकदाच पॉझिटिव्ह आली म्हणून काही ठरत नाही. साध्या तापानंतर, एखाद्या संसर्गानंतरही ही प्रतिपिंडे काही दिवस दिसतात आणि जातात. किमान बारा आठवड्यांनी पुन्हा तपासून तीच खूण दिसली तरच तिला अर्थ आहे. आकडा किती आहे हेही पाहावे लागते; जेमतेम वर गेलेला आकडा फार काही सांगत नाही. बारा आठवडे थांबायचे म्हटले की सासूबाई, आई आणि खुद्द ती मुलगी, तिघींचाही धीर सुटतो हे मी जाणते. पण एका कागदावरून मुलीच्या कपाळी जन्माचा आजार लिहायचा नसतो.

खूण पक्की ठरली तर मात्र निराश होण्याचे कारण नाही. उलट ज्या कारणांवर चांगला उपाय आहे त्यांपैकी हे एक आहे. कमी मात्रेची ॲस्पिरिनची गोळी आणि हेपॅरिनच्या सुया. १९९७ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातल्या डॉक्टरांनी अशा नव्वद स्त्रियांवर प्रयोग प्रसिद्ध केला. नुसती ॲस्पिरिन घेणाऱ्यांपैकी शंभरांत बेचाळीस जणींना जिवंत मूल झाले, तर दोन्ही घेणाऱ्यांपैकी शंभरांत एकाहत्तर जणींना. हेपॅरिनची सुई पोटाच्या कातडीखाली रोज घ्यावी लागते, आणि ती पोटात घ्यायची म्हणताच घरातल्या वडीलधाऱ्या बायका घाबरतात. सुई चरबीपुरतीच जाते, बाळापर्यंत पोचत नाही. औषधही वार ओलांडून बाळाकडे जात नाही. हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. ज्यांना त्याबद्दल काही वाटत असेल त्यांनी ते डॉक्टरांपाशी मोकळेपणी बोलावे. मनात कुढत सुया चुकवू नयेत. प्रसूतीनंतरही अशा बाईच्या शिरांत रक्त गोठण्याची भीती अधिक असते, म्हणून पुढे संततिनियमनाच्या गोळ्या घेण्यापूर्वी हा आजार डॉक्टरांना सांगितलाच पाहिजे.

आता जिथे तर्क खरा ठरला नाही त्याबद्दल. आईला बापाचे रक्त पुरेसे परके वाटत नाही म्हणून ती गर्भाचे रक्षण करीत नाही, अशी एक कल्पना निघाली. मामेबहिणीशी लग्न करणाऱ्या आपल्या समाजाला ती चटकन पटण्यासारखी! त्यावरून नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचण्याची पद्धत आली. १९८५ साली एका प्रयोगात तिचा फायदा दिसला आणि ती सर्वत्र पसरली, आपल्या देशातही पसरली. पुढे अमेरिका आणि कॅनडात काटेकोर प्रयोग झाला. १९९९ साली निकाल आला तो असा: ज्यांना पेशी टोचल्या त्यांपैकी शंभरांत छत्तीस जणींना यश, आणि ज्यांना नुसते मिठाचे पाणी टोचले त्यांपैकी शंभरांत अठ्ठेचाळीस जणींना! २००२ साली अमेरिकेच्या औषध खात्याने प्रयोगाबाहेर हा उपचार थांबवायला सांगितले. तरीही हा उपचार कोणी सुचवला, तर १९९९ च्या त्या प्रयोगाबद्दल त्यांना अवश्य विचारा.

दुसरी गोष्ट नॅचरल किलर पेशींची. नावाचा अर्थच 'उपजत मारेकरी', त्यामुळे ऐकणारीच्या मनात धडकी भरते: माझ्याच पेशी माझ्या बाळाला मारतात की काय? भगिनींनो, गर्भाशयातल्या या नावाच्या पेशी हातातल्या रक्तातल्या पेशींहून निराळ्या असतात, आणि गर्भारपणाच्या आरंभी त्या पिशवीच्या रक्तवाहिन्या रुंद करून वारेला मदतच करतात. दंडातून रक्त काढून त्यांची संख्या मोजली तर पिशवीत काय चालले आहे ते कळत नाही. युरोपातील तज्ज्ञांच्या मार्गदर्शनात ही तपासणी नेहमीसाठी करू नये असेच म्हटले आहे. आणि तिच्या आधारावर दिल्या जाणाऱ्या महागड्या सलायनांचा, स्टेरॉइडचा फायदा सिद्ध झालेला नाही. दागिने मोडून असले उपचार घेतलेली जोडपी मी पाहिली आहेत. त्यांची दया येते, पण रागही येतो, आणि तो त्यांचा नव्हे.

थायरॉइडचे थोडे वेगळे आहे. थायरॉइड ग्रंथीचे काम कमी झालेले असेल तर गोळी घेतलीच पाहिजे. पण काम ठीक आहे आणि केवळ प्रतिपिंडे सापडली, अशा स्त्रियांना गोळी देऊन फायदा होतो का, हे इंग्लंडमधल्या मोठ्या प्रयोगात पाहिले गेले. २०१९ साली निकाल आला, गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या यांत काही फरक नव्हता.

व्याख्यानापूर्वी ज्या चिठ्ठ्या आल्या त्यांतल्या तीन इथेच घेते.

पहिली: 'नवराबायकोचा रक्तगट एकच असला तर मूल टिकत नाही, हे खरे का?' मुळीच नाही. दोघे बी असोत की ओ असोत, त्याने काही बिघडत नाही. जपायचे ते आर.एच.बद्दल. बाई निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तर पहिले बाळंतपण बहुधा सुखरूप होते, पण बाळाचे रक्त आईच्या रक्तात मिसळून प्रतिपिंडे तयार होतात आणि पुढच्या बाळांना ती बाधतात. आपल्याकडे शंभरांत सुमारे पाच जणी निगेटिव्ह असतात. १९६८ पासून यावर अँटि-डीची सुई आहे; प्रसूतीनंतर ती बहात्तर तासांच्या आत द्यावी लागते. गर्भपात झाला तरी ती घ्यायची का, हे त्याच दिवशी विचारावे, कारण गडबडीत नेमके तेच राहून जाते.

दुसरी चिठ्ठी नोकरी करणाऱ्या एका मुलीची: 'गर्भपातानंतर रजा मागायची लाज वाटते, काय करू?' लाज कसली? १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती ठेवली आहे. डॉक्टरांचा दाखला लागतो, तो मागून घ्या. मनुस्मृतीनेसुद्धा गर्भस्राव झालेल्या बाईला जितके महिने तितक्या रात्री बाजूला बसवले आहे. त्यातला विटाळ आपण सोडून देऊ, पण तेवढी विश्रांती तरी तिला मिळे.

तिसऱ्या चिठ्ठीवर नाव नाही. 'तीन वेळा गेले. सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. आता कारणच नाही म्हणतात. पुन्हा प्रयत्न करावा का?' बाई, तुमच्यासारख्या स्त्रिया जवळजवळ निम्म्या असतात. कारण सापडले नाही हा या विषयातला बराच बरा निकाल आहे. वारंवार गर्भ गेलेल्या आणि कारण न सापडलेल्या स्त्रियांची पाहणी १९९९ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. त्यांना कोणतेही विशेष औषध दिलेले नव्हते. सुरुवातीच्या आठवड्यांत पुन्हा पुन्हा बोलावून सोनोग्राफी करायची, बाळाचे ठोके दाखवायचे आणि धीर द्यायचा, एवढेच. पुढचा गर्भ चारांतल्या तिघींचा टिकला. तेव्हा प्रयत्न जरूर करावा. दिवस राहिले की पहिल्या आठवड्यांपासूनच दाखवायला जा, आणि एकट्या जाऊ नका. घरातून कोणी येणारे नसेल तर चिटणीसबाईंना सांगा. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी मोकळी असते.